झुंबर, कंदील आणि वऱ्हाडचा कापूस

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला चार वेशी आहेत: दिल्ली, पोहा, मंगरूळ आणि दारव्हा. या वेशींच्या आतलं एखादं जुनं घर मोडायला निघालं, की आधी बिल्डरला फोन जातो, मग भंगारवाल्याला. मधल्या वेळात कधी कधी तिसराही एक जण उगवतो. तो जमिनीकडे, भिंतींकडे फारसा बघत नाही. दारात चपला काढतानाच त्याची नजर छताकडे जाते, तुळईला ठोकलेल्या कडीवर थांबते, आणि मग तो शक्य तितक्या सहज आवाजात विचारतो, "ही हंडी द्यायची आहे का?"

अशाच एका घराच्या बैठकीत मामा आणि भाची समोरासमोर बसले आहेत असं समजा. मामा वाशीमच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. भाची पुण्यात घरांची, हॉटेलांची प्रकाशयोजना करणारी. दोघंही लेखकाने उभी केलेली माणसं आहेत आणि घरही त्यानेच बांधलेलं आहे. वाद तेवढा काल्पनिक नाही. अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा, जिथे जिथे कापसाचा पैसा एकेकाळी बैठकीत येऊन बसला, तिथल्या घरांत तो आजही ऐकू येतो.

छताला दिव्याची, हिरव्या काचेची हंडी. माळ्यावरून उतरवलेल्या खोक्यात, वाळलेल्या गवतात गुंडाळलेलं एक झुंबर: पितळी दांडी, काचेचे वाकडे हात, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले लोलक.

"मामा, हे असं खोक्यात ठेवणं म्हणजे पाप आहे," भाचीने सुरुवातच चढ्या सुरात केली. "मी हे जोडते, दिवे लावते आणि इथेच टांगते. घर मोडलं तर माझ्याकडे नेते. व्यापारी म्हणतो, बेल्जियमचं आहे."

मामा हसले. "बाप्पा! आपल्याकडं जुनी काच दिसली का ती बेल्जियमचीच असते. बेल्जियमवाल्याइनं दुसरं काही केलंच नाही वाटते, वऱ्हाडाले काचा पुरवण्याशिवाय."

मामांचा टोमणा रास्त आहे. जुन्या बाजारात 'बेल्जियम' हे मूळ गाव कमी आणि किंमत चढवण्याचा शिक्का जास्त असतो. वसाहतकाळात हिंदुस्थानात आलेली पुष्कळशी दिव्यांची काच इंग्लंडमधली आणि बोहेमियातली, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातली. इंग्लंडमध्ये काचेवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जबर कर होता. तो 1845 मध्ये उठला आणि तिथले कारखानदार मोकळेपणी जड, पैलूदार काच करू लागले. बर्मिंगहॅमची एफ. अँड सी. ऑस्लर ही 1807 पासूनची पेढी त्यात आघाडीवर होती. लंडनच्या 1851 च्या महाप्रदर्शनात मध्यभागी सत्तावीस फूट उंचीचं, चार टन काचेचं कारंजं उभं होतं ते ऑस्लरचंच. पण ऑस्लरचं खरं गिऱ्हाईक पूर्वेला होतं. 1840 च्या दशकातच त्यांनी कलकत्त्याला दालन उघडलं आणि संस्थानिकांच्या दरबारांत झुंबरं, काचेची आसनं, काचेचे दीपस्तंभ पोचवायला सुरुवात केली. राजांनी टांगलं म्हणून सावकारांनी टांगलं, सावकारांनी टांगलं म्हणून देवळांनी. हौस वरून खाली अशीच झिरपते.

"मग हे ऑस्लरचं असेल," भाची म्हणाली.

"शिक्का दाखव."

भाचीने दांडीची टोपी, मधली बशी, हातांची टोकं भिंग लावून तपासली. ऑस्लरच्या काही नगांवर नाव कोरलेलं सापडतं. इथे काही नव्हतं. तिने लोलकावर नखाने टिचकी मारली. आवाज घंटेसारखा लांबला. शिसं घातलेल्या काचेची ही खूण. साध्या काचेचा आवाज तिथल्या तिथे बसतो. मग तिने पर्समधून जांभळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी काढली आणि हिरव्या हंडीवर धरली. 1830 च्या दशकापासून बोहेमियात काचेत युरेनियम घालून एक पिवळट हिरवा रंग काढत, आणि ती काच अतिनील प्रकाशात काजव्यासारखी उजळते. हंडी उजळली नाही. म्हणजे हा हिरवा रंग दुसऱ्या कुठल्या तरी धातूचा.

"म्हणजे झुंबर शिशाच्या काचेचं, बनवणारा अज्ञात. हंडी युरेनियमची नाही. एवढंच सांगता येतं," तिने प्रामाणिकपणे कबूल केलं.

"बस, एवढंच लिहून ठेव," मामा म्हणाले. "आणि आता मी सांगतो ते पण लिही. हे इथं आलं कशाच्या जोरावर?"

इथून मामांचा तास सुरू झाला. 1853 मध्ये निजामाने कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या पगारापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलं. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. 1867 पर्यंत जीआयपी रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली. तीच पुढे 'शकुंतला' म्हणून ओळखली गेली. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीची ती गाडी रुळांवर आणण्यामागे हौस नव्हती. यवतमाळ-कारंज्याकडचा कापूस मुख्य मार्गावर आणायचा होता. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावत होतं.

"गाठी त्या गाडीनं मुंबईला गेल्या, मुंबईहून मँचेस्टरला. तिकडून कापड आलं आणि काच आली," मामा म्हणाले. "तुझा लोलक म्हणजे कापसाचं बोंडच आहे पोरी, फक्त उलट्या गाडीनं परत आलेलं. आणि 1896-97 ला दुष्काळ पडला, 1899-1900 ला त्याहून मोठा. वऱ्हाड दोन्ही वेळा होरपळलं. त्या वर्षांत कोणाच्या बैठकीत किती मेणबत्त्या जळत होत्या आणि कोणाच्या घरी वातीला तेल नव्हतं, हे विचारल्याशिवाय मी या काचेकडं पाहूच शकत नाही. तू म्हणशील सुंदर आहे. मले ती पावती दिसते."

भाची थोडा वेळ गप्प बसली. मामांचं म्हणणं तिला पटलं नव्हतं असं नाही, पण ते तिला अपुरं वाटलं.

"पावती आहे, मान्य," ती म्हणाली. "पण मामा, पावती वाचायलासुद्धा उजेड लागतो. तुम्ही पैशाचा हिशेब मांडला, आता मी उजेडाचा मांडते. एक मेणबत्ती साधारण बारा ल्युमेन प्रकाश देते. बारा मेणबत्त्यांचं हे झुंबर पूर्ण पेटलं तरी दीडशेच्या आसपास. जुना चाळीस वॅटचा पिवळा बल्ब याच्या दुपटीहून जास्त देत होता. म्हणजे तुमच्या त्या सावकाराच्या बैठकीत आजच्या न्हाणीघराइतकाही उजेड नव्हता. तरी माणसं दिपून जात. का?"

"श्रीमंती पाहून."

"नुसती श्रीमंती नाही. लोलकाचा प्रत्येक पैलू ज्योतीची वेगळी प्रतिमा दाखवतो. ज्योत हलते, पाहणारा हलतो, खाली बसलेल्या माणसाने मान वळवली तरी वर शेकडो ठिणग्या फिरतात. थोडा उजेड पुष्कळ भासवायची ही युक्ती आहे. ज्या कारागिराने हा कोन घासला त्याला वऱ्हाड कुठे आहे तेही ठाऊक नसेल. त्याच्या हाताचं कौतुक करायचं नाही का?"

इथे भाचीचा मुद्दा बिनतोड आहे. हल्ली या झुंबरांत दुधी एलईडी बल्ब बसवण्याची टूम निघाली आहे आणि तिने झुंबरांचा जीवच जातो. दुधी बल्बचा प्रकाश सगळीकडून सारखा पसरतो, लोलकाला उचलायला ठिणगीच उरत नाही. खर्चिक झुंबर प्लॅस्टिकसारखं दिसू लागतं. पारदर्शक काचेचा, आतली तार दिसणारा, 2700 केल्विनच्या उबदार रंगाचा लहान दिवा लावला तरच पैलू जागे होतात. शिवाय एलईडी फार तापत नाही, त्यामुळे जुन्या काचेला धोकाही कमी.

हंडीची गोष्ट झुंबराहून वेगळी आणि थोडी जास्त आपली आहे. साहेबाच्या बंगल्यात उन्हाळ्यात दोरीने ओढायचा पंखा हलत असे, आणि त्या वाऱ्यात उघडी ज्योत टिकत नसे. त्यामुळे ज्योतीभोवती काचेचं भांडं हवं होतं. हंडीच्या आत काचेचा लहान पेला, त्यात खाली पाणी, वर तेलाचा थर आणि तेलात वात. तेल इथलंच: एरंडीचं, खोबऱ्याचं, जिथे जे मिळेल ते. भांडं परदेशी, आतलं पाणी आणि तेल गावचं. तेल संपत आलं की ज्योत पाण्यावर टेकून आपोआप विझे, काच तडकत नसे.

"आणि मग घासलेट आलं," मामांनी धागा पुन्हा हातात घेतला. "1859 ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर लागली. पन्नास वर्षांच्या आत ते तेल टिनाच्या डब्यांतून आपल्या खेड्यांत. 1892 ला तर तेलाचं टाकीवालं जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेला आलं. दिव्यासाठी घाण्याचं तेल घेणारं गिऱ्हाईक तेल्याच्या हातून गेलं. पण गरिबाच्या घरी पहिल्यांदा बऱ्यापैकी उजेड पडला तोही त्याच घासलेटानं, हे मी नाकारत नाही."

"म्हणजे वसाहतीने काहीतरी दिलं."

"दिलं, आणि दर महिन्याला त्याचे पैसे घेतले."

वाद इथे रंगात आला, आणि लेखकाला कबूल केलं पाहिजे की त्याचं मन या टप्प्यावर झुंबरापासून थोडं सुटलं. कारण मामांनी कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवलेली दुसरी एक वस्तू काढून चटईवर ठेवली: गंजलेला, काच नसलेला, एक कान तुटलेला कंदील.

"हा कोणी मागितला नाही," ते म्हणाले. "तो व्यापारी हंडीसाठी तीन चकरा मारून गेला. कंदिलाकडं पाहिलंही नाही. पण या घरात तुझ्या आजीनं दिवस काढले ते या कंदिलाच्या उजेडात. रोज सांजेला राखेनं काच पुसायची, वात कातरायची. झुंबर लागलं असेल लग्नाकार्यात. बाकी तीनशे साठ दिवस हाच."

भाचीने कंदील उलटा केला. बुडावर उठावाची अक्षरं होती, पण गंजाने खाल्लेली. आपल्याकडे सुरुवातीला कंदील परदेशातून येत. न्यूयॉर्कच्या डीट्झ कंपनीचे पुष्कळ प्रसिद्ध होते. त्याला इथे उत्तर उभं राहिलं ते स्वदेशीतून. लोकांनी एकेक पैसा देऊन उभ्या केलेल्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडेला काचेचा कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना, आणि टिळकांचा तिला पाठिंबा. त्यानंतर ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काच कारखाना काढला. त्या जागेला आजही ओगलेवाडी म्हणतात. त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर गेला. वाऱ्यात न विझणारा, स्वस्त, दुरुस्त करता येणारा. एकाच वसाहतकाळाचे हे दोन दिवे. एक परदेशी मालाची हौस सांगतो, दुसरा त्याच मालाला दिलेलं उत्तर.

"हे झकास आहे," भाची म्हणाली. "पण मग तुम्ही माझ्याच बाजूला आलात मामा. तुम्ही म्हणता, कंदील जपा. मी म्हणते, झुंबर जपा. जपायचं तर दोन्ही."

"नाही. मी म्हणतो, झुंबर आपोआप जपलं जाईल, कारण ते महाग आहे. कंदील जपायले माणूस पाहिजे."

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (1896-1990) हे असे माणूस होते. त्यांनी आयुष्यभर गोळा करून 1975 मध्ये शासनाला दिलेल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांचा मोठा संग्रह आहे: समया, लामणदिवे, हातदिवे, नाना आकारांचे. केळकरांनी राजवाड्यांतल्याच वस्तू शोधल्या नाहीत. घरातले अडकित्ते, दरवाजे, कोयऱ्या, दिवे हे त्यांना संग्रहाच्या योग्यतेचं वाटलं. तेव्हा ते कोणाला वाटत नव्हतं, म्हणून तर ते मिळालं.

मधेच भाचीला गॅसबत्ती आठवली. वरातीच्या पुढे डोक्यावर बत्त्या घेऊन चालणारी माणसं तिने लहानपणी पाहिली होती. ही पेट्रोमॅक्स बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कारखान्याची, साधारण 1910 च्या सुमाराची. तिचा पांढरा झगझगीत उजेड येतो तो जाळीतून, आणि त्या काळच्या जाळीत नव्व्याण्णव टक्के थोरियमचं ऑक्साइड असे. 1909 मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियमचं खनिज सापडलं आणि ती वाळू जहाजांनी जर्मनीला जाऊ लागली. "बघा मामा, तुमच्या कापसासारखंच," ती म्हणाली. मामांनी ते वहीत टिपून घेतलं. आपला सिद्धांत दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला शिक्षकाला आवडतंच.

आता प्रश्न उरला करायचं काय. व्यापाऱ्याचा फोन दोनदा येऊन गेला होता.

कायद्याची बाजू भाचीला पक्की ठाऊक होती. 1972 च्या पुरावशेष आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावशेष ठरते. देशात ती मालकाला विकता येते, पण अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो, आणि केंद्र शासन किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांच्याखेरीज कोणालाही ती परदेशी पाठवता येत नाही. 'दुबईचं गिऱ्हाईक आहे, चांगला भाव देईल' असं कोणी म्हणालं, की तिथेच बोलणं थांबवावं. भाचीने फोनवर परवाना विचारला. पलीकडे थोडी शांतता झाली, मग रेंज गेली.

"विकायचं नाही," मामा म्हणाले.

"आणि खोक्यातही ठेवायचं नाही," भाची म्हणाली.

मग दोघं कामाला लागले, आणि कामात त्यांचं भांडण पुन्हा झालं. गावातला इलेक्ट्रिशियन हंडीच्या बुडाला ड्रिलने भोक पाडून वायर आणतो म्हणाला. भाची ओरडलीच. जुनी काच ड्रिलने तडकते. आणि नाही तडकली तरी भोक पडलेली हंडी कायमची वेगळी वस्तू होते. वायर साखळीच्या कड्यांतून विणून वरून आत सोडता येते आणि उद्या नको वाटलं तर काढताही येते. जे केलं ते उलटं करता आलं पाहिजे, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. शिशाची काच जड असते, म्हणून तुळईची जुनी कडी आधी काढून पाहायची. शंभर वर्षांचं लोखंड वरून धडधाकट दिसतं आणि लाकडात शिरलेल्या भागात खंगलेलं असतं.

मामींनी पितळी दांडी चिंचेने घासायला घेतली होती, तीही भाचीने हातातून ओढून घेतली. मामींना ते आवडलं नाही. पण या दांड्यांवर बऱ्याचदा सोनेरी मुलामा किंवा रोगणाचा पातळ थर असतो, आणि चिंच तो एका दुपारी उतरवते. देवघरातली समई चिंचेने घासा, झुंबर नको. लोलक उतरवण्याआधी प्रत्येक ओळीचा फोटो काढायचा, मऊ ब्रशने धूळ झाडायची, मग कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून एकेक धुवायचा. सगळे एकदम परातीत टाकले की कडा एकमेकींना लागून टवके उडतात. जुन्या तारांच्या आकड्या गंजलेल्या असतात. त्या बदलल्या तरी जुन्या फेकायच्या नाहीत, पुडीत बांधून ठेवायच्या. झुंबरात एखादा लोलक कमी असेल तर फिरोझाबादला नवा करून मिळतो, पण तो नवा आहे अशी खूण कुठेतरी ठेवावी. मोडतोड लपवणारी दुरुस्ती पुढच्या पिढीची फसवणूक असते.

मामांनी यातल्या एकाही गोष्टीला हरकत घेतली नाही. त्यांनी फक्त एक अट घातली. झुंबर लागेल तिथेच खाली कंदीलही लागेल, आणि दोन्हींच्या मधे भिंतीवर एका कागदावर 1853 पासूनची हकीकत. भाचीला ते सजावटीच्या दृष्टीने बटबटीत वाटलं आणि तिने तसं स्पष्ट सांगितलं. कागदाचा आकार किती असावा यावर दोघांत आणखी अर्धा तास गेला. लेखकाचं मत विचाराल तर कागद मोठा असावा आणि कंदिलाला गंजासकट ठेवावं, कारण या दोघांच्या वादात मामांची बाजू इतिहासाला जास्त धरून आहे आणि भाचीची बाजू वस्तूला. वस्तू वाचवण्याचं तंत्र भाचीकडे आहे. कोणती वस्तू वाचवायची हे ठरवताना मात्र मामांना विचारावं.

वाशीम जिल्हा इंग्रजांच्या काळात 'बासिम' नावाने होता, 1905 मध्ये मोडून अकोल्यात आणि यवतमाळकडे वाटला गेला आणि 1 जुलै 1998 ला पुन्हा उभा राहिला. त्यामुळे इथल्या जुन्या घरांचे कागद कधी अकोल्याच्या दप्तरात, कधी यवतमाळच्या, तर कधी कुठेच नसतात. वस्तूंची हकीकत घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच उरली आहे. तेव्हा कारंजा, वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव, मानोरा, जिथे कुठे तुमच्या माळ्यावर हंडी, झुंबराचा एखादा हात, गॅसबत्ती किंवा बिनकाचेचा कंदील पडला असेल, तिथे या दिवाळीच्या साफसफाईत एवढं करा. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याचा फोटो काढा. बुडावरची अक्षरं टिपा. तो कोणी आणला, कोणत्या खोलीत लागत असे, त्यात कोणतं तेल घालत, हे आजीला किंवा मामाला विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद वस्तूलाच बांधून ठेवा. फोटोत शेजारी एखादा माणूस उभा राहिला तर उत्तम, त्याने आकाराचा अंदाज येतो.